अभाव हा पदार्थ आहे काय?

‘भूतलावर घट नाहीं’ हें वाक्य न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला इतकें परिचयाचें असतें कीं, त्यांत कांहीं अडचण आहे हें त्याला सहसा जाणवत नाहीं. ह्या वाक्यानें आपण बोलतों तें कशाविषयीं? भूतलाविषयीं म्हणावें, तर घट असतांनाहि भूतल होतेंच. घटाविषयीं म्हणावें, तर घट तेथें नाहीं. मग जें कळलें तें काय? ह्या प्रश्नावर आमच्या देशांत कित्येक शतकें वाद झाला. वैशेषिकांच्या जुन्या परंपरेंत पदार्थ सहाच. उत्तरकालीन पंडितांनीं अभावाला सातवा पाट मांडून दिला. कुमारिलभट्टानें अभाव जाणण्याकरितां अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाणच मानिलें, तर त्याच मीमांसेच्या घरांतील प्रभाकरानें, अभाव म्हणून निराळें कांहीं नसून रिकामें भूतल एवढेंच काय तें खरें, असें म्हणून ही सर्व खटपट मोडींत काढली. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ यशवंत वासुदेव आठल्ये व महादेव राजाराम बोडस यांनीं १८९७ सालीं मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत इंग्रजी टीपांसह प्रसिद्ध केला. त्या पुस्तकावर वाढलेल्या आमच्यासारख्यांनीं हा वाद परीक्षेपुरता पाठ केला आणि परीक्षेबरोबर सोडून दिला, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

तोच वाद गेल्या शंभर वर्षांत अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत, पुन्हां उभा राहिला आहे. अर्धवाहक द्रव्याचे अवघ्या तीन अणूंच्या जाडीचे पापुद्रे, त्यांत प्रकाशानें उत्पन्न केलेला एक विलक्षण ‘वायु’, आणि त्या वायूचे कण अतिशीत अवस्थेंत एकमेकांना किती रेटतात व किती ओढतात याचें मोजमाप, हा आजच्या संशोधनाचा एक जिवंत विषय आहे. त्या कणाला एक्साइटॉन म्हणतात. त्याचा एक अर्धा इलेक्ट्रॉन आहे. दुसरा अर्धा इलेक्ट्रॉनचा अभाव आहे. निम्म्या अभावानें घडलेला कण दुसऱ्या तशाच कणाला धक्का देतो असें कोणी सांगितलें, तर तें शब्दशः घ्यावयाचें कीं अलंकार समजावयाचें? प्रश्न दिसतो त्याहून गंभीर आहे. कारण ‘आहे’ ह्या क्रियापदाचा अर्थ काय, हाच तो प्रश्न होय.

आधीं हा अभाव कसला तें पाहिलें पाहिजे. लग्नाची लांबच लांब पंगत बसली आहे आणि एकहि पाट रिकामा नाहीं असें समजा. कोणालाहि सरकतां येत नाहीं. अर्धवाहक स्फटिकाच्या खालच्या ऊर्जापट्ट्यांतील इलेक्ट्रॉनांची स्थिति अशीच असते, आणि म्हणूनच त्या भरलेल्या पट्ट्यांतून वीज वाहत नाहीं. आतां प्रकाशाचा एक कण येतो, त्यांतील एका इलेक्ट्रॉनला उचलतो आणि वरच्या मोकळ्या पट्ट्यांत नेऊन ठेवतो. पंगतींत एक पाट रिकामा झाला. शेजारचे गृहस्थ त्यावर सरकले, त्यांच्या जागीं त्यांच्या पलीकडचे आले. माणसें एका दिशेनें सरकलीं आणि रिकामा पाट उलट दिशेनें चालत गेला. शेंकडों माणसांच्या हालचालीचा हिशेब ठेवण्यापेक्षां एका रिकाम्या पाटाचा ठेवणें सोपें. ह्या रिकाम्या जागेला इंग्रजींत होल म्हणतात. आपण पोकळी म्हणूं. ऋणभारित इलेक्ट्रॉनची ती उणीव, म्हणून ती धनभारित. वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि खालीं राहिलेली पोकळी यांचें परस्परांना आकर्षण असतें, आणि हायड्रोजनच्या अणूंत इलेक्ट्रॉन व प्रोटॉन बांधले जावेत त्याप्रमाणें हीं दोघें बांधलीं जातात. ही जोडी म्हणजे एक्साइटॉन.

पोकळीची कल्पना कोणा तत्त्वज्ञाला सुचली नाहीं. ती नाइलाजानें स्वीकारावी लागली. एडविन हॉल यानें १८७९ सालीं असें दाखविलें कीं, वीज वाहणारा पत्रा चुंबकीय क्षेत्रांत ठेवला असतां त्याच्या दोन कडांमध्यें विद्युद्दाब उत्पन्न होतो. त्या दाबाच्या चिन्हावरून, वाहणारा भार ऋण कीं धन हें कळतें. धातूंत वाहतात ते इलेक्ट्रॉन. तेव्हां चिन्ह सर्वत्र एकच यावयास पाहिजे. पण कांहीं धातूंत तें उलटें आलें, आणि जुन्या सिद्धांतापाशीं त्याला उत्तर नव्हतें. रुडॉल्फ पायर्ल्स यानें १९२९ सालीं नव्या क्वांटम सिद्धांताच्या आधारें ही गांठ सोडविली: जवळजवळ भरलेल्या पट्ट्यांतील रिकाम्या जागा धनभाराप्रमाणें वागतात. पुढें याकोव फ्रेंकेल ह्या रशियन शास्त्रज्ञानें १९३१ सालीं स्फटिकांत उत्तेजित ऊर्जा अणूकडून अणूकडे कशी हिंडते याची मीमांसा केली व १९३६ सालीं तिला एक्साइटॉन हें नांव दिलें. १९५२ सालीं लेनिनग्राड येथें ग्रॉस व कार्येव यांना क्युप्रस ऑक्साइडच्या वर्णपटांत रेषांची एक मालिका आढळली. तिची ठेवण हायड्रोजनच्या रेषांसारखीच होती. प्रोटॉनशीं बांधलेला इलेक्ट्रॉन ज्या गणितानें चालतो, त्याच गणितानें एका रिकाम्या जागेशीं बांधलेला इलेक्ट्रॉन चालत होता.

हें वाचून आमच्या कांहीं बंधूंचा हात मिशीकडे जाईल. ‘अभाव हा पदार्थच आहे हें आमच्या पूर्वजांनीं कधींच सांगून ठेविलें होतें; पाश्चात्यांना तें आतां कळलें!’ असे उद्गार आम्हीं सभांतून ऐकले आहेत. ते ऐकून आम्हांस विषाद वाटतो, तो पूर्वजांविषयींच्या अनादरामुळें नव्हे, तर आदरामुळेंच. कारण नैयायिकांनीं अभावाविषयीं जें म्हटलें तें नीट वाचलें, तर पोकळी त्यांच्या अभावांत बसत नाहीं असेंच दिसून येतें. त्यांच्या मतें प्रत्येक अभावाला एक प्रतियोगी असतो आणि एक अधिकरण असतें: ज्याचा अभाव तो, आणि जेथें अभाव तें. येथपर्यंत ठीक, पोकळीचा प्रतियोगी इलेक्ट्रॉन, अधिकरण खालचा ऊर्जापट्टा. परंतु त्यांच्या अभावाला गुण नाहींत आणि क्रियाहि नाहीं. घटाभावाला रंग नसतो, वजन नसतें, तो ह्या खोलींतून त्या खोलींत चालत जात नाहीं. पोकळीला विद्युद्भार आहे, वस्तुमान आहे, वेग आहे. ज्याला गुण आहेत आणि क्रिया आहे तें द्रव्य, ही तर वैशेषिकांचीच व्याख्या. तेव्हां त्यांच्याच कसोटीनें पोकळी हा सातवा पदार्थ न ठरतां पहिला ठरतो! ज्या भिंतीच्या एका बाजूला त्यांनीं द्रव्य ठेविलें आणि दुसऱ्या बाजूला अभाव, ती भिंतच येथें पडली आहे. हें त्यांना ठाऊक होतें असें म्हणणें म्हणजे त्यांनीं काळजीपूर्वक केलेला विवेक पुसून टाकणें होय.

मात्र एका बाबतींत पोकळी आपल्या अभावपणाशीं इमान राखते, तें सांगितलें पाहिजे. प्रतियोगी परत आला कीं ती नाहींशी होते. वरचा इलेक्ट्रॉन खालीं येऊन रिकाम्या पाटावर बसला कीं एक्साइटॉन संपला. फरक इतकाच कीं, घट आणून ठेविल्यानें घटाभाव संपतो तेव्हां मागें कांहीं उरत नाहीं. येथें प्रकाशाचा एक कण बाहेर पडतो, आणि एक्साइटॉनांविषयीं जें कांहीं आपणांस ठाऊक आहे त्यांतलें बहुतेक त्या जातांजातांच्या प्रकाशावरूनच कळलें आहे.

दुसऱ्या बाजूचे लोक अधिक सावध असतात. त्यांचा आक्षेप प्रभाकराचाच आहे, भाषा तेवढी निराळी. आमच्या कॉलेजांतील एका विज्ञानाच्या विद्यार्थ्यानें तो आमच्यापुढें मोठ्या नेटकेपणानें मांडला होता: ‘सर, पोकळी ही हिशेबाची सोय आहे. खरे आहेत ते खालच्या पट्ट्यांतले उरलेले इलेक्ट्रॉन. त्यांची बेरीज करण्याचा कंटाळा येतो म्हणून आम्हीं वजाबाकी करतों.’ हें म्हणणें वरवर निरुत्तर करणारें आहे. पण मग जो ‘खरा’ इलेक्ट्रॉन म्हणून आपण बाजूस काढला, त्याची तरी अवस्था काय? निर्वात प्रदेशांत इलेक्ट्रॉनचें जें वस्तुमान असतें तें स्फटिकांत राहत नाहीं. गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकांत वरच्या पट्ट्यांतील इलेक्ट्रॉन असा वागतो कीं जणूं त्याचें वस्तुमान मूळच्या सुमारें पंधराव्या हिश्शाइतकें आहे. हा हलकेपणा त्या एकट्याचा नव्हे. स्फटिकांतील सर्व अणूंशीं असलेला त्याचा संबंध आपण त्याच्या एकट्याच्या नांवावर मांडला आहे. म्हणजे हिशेबाची सोय तेथेंहि आहेच. पोकळीला ‘नुसती सोय’ म्हणून घालवावयाचें, तर स्फटिकांतील इलेक्ट्रॉनलाहि त्याच दारानें घालवावें लागेल, आणि मग घरांत राहील कोण? आक्षेप खोटा नाहीं; तो एकालाच लावला जातो हा दोष आहे.

तेव्हां निर्णय परस्परक्रियेवर येऊन ठेपतो. ज्याला धक्का देतां येतो व ज्याला धक्का बसतो, त्याच्या अस्तित्वाविषयीं निदान कांहींएक बोलणें भाग पडतें. आणि येथेंच ते पातळ पापुद्रे उपयोगी पडतात. गाइम व नोव्होसेलोव्ह यांनीं २००४ सालीं चिकटपट्टीनें शिशपेन्सिलींतल्या ग्रॅफाइटचे एकेक पदर सोलून काढले, तेव्हां एकाच अणूच्या जाडीचा पदार्थ हातांत धरतां येतो हें जगाला कळलें. त्याच रीतीनें मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकेरी पदर काढतां येतो. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या दहा लक्षाव्या भागाहूनहि कमी. तो एकेरी केला कीं जाड स्फटिकापेक्षां कितीतरी अधिक प्रकाश देतो, असें २०१० सालीं आढळलें. अशा पदरांत इलेक्ट्रॉन व पोकळी यांचें बंधन फार बळकट असतें, कारण त्यांच्यामधील विद्युद्रेषा पदराबाहेरच्या मोकळ्या प्रदेशांतून जातात व तेथें त्यांना बोथट करणारें द्रव्य थोडें. गॅलियम आर्सेनाइडच्या जाड स्फटिकांत तें बंधन सुमारें ४ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टांचें. आपल्या बसण्याउठण्याच्या खोलींतील उष्णतेचा धक्का सुमारें २५ चा. म्हणून तेथें जोडी टिकत नाहीं. एकेरी पदरांत तेंच बंधन कांहींशे मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टांचें असतें.

याहून मौज पुढें आहे. मॉलिब्डेनम डायसेलेनाइडचा एक पदर आणि टंगस्टन डायसेलेनाइडचा दुसरा पदर एकमेकांवर ठेविले, तर इलेक्ट्रॉन पहिल्यांत जातो आणि पोकळी दुसऱ्यांत राहते. दोन मजल्यांवर दोघें, तरी बंधन कायम. अशा जोड्या २०१५ सालीं अमेरिकेंत सिॲटल येथें पाहण्यांत आल्या. ताटातुटीमुळें इलेक्ट्रॉनला पोकळींत सहज पडतां येत नाहीं, म्हणून जोडीचें आयुष्य वाढतें. एकाच पदरांत जें सेकंदाच्या कांहीं लक्षकोट्यांश इतकें असतें, तें येथें शेंकडों पटींनीं दीर्घ होतें. शिवाय सगळ्या जोड्यांची तोंडें एकाच बाजूला: ऋण एका मजल्यावर, धन दुसऱ्या. एका दिशेला तोंड करून शेजारीं उभे राहिलेले असे द्विध्रुव एकमेकांना दूर ढकलतात. गर्दी वाढत गेली कीं प्रत्येक नव्या जोडीला आंत येण्यासाठीं थोडी अधिक ऊर्जा मोजावी लागते, आणि ती मरतांना तेवढा अधिक निळसर प्रकाश देते. त्या निळेपणावरून रेटा मोजतां येतो. दोन पदर म्हणजे विद्युत्संग्राहकाच्या दोन तबकड्या समजून साधें गणित केलें तर रेटा वास्तवाहून मोठा निघतो. कारण तें गणित जोड्या कशाहि विखुरल्या आहेत असें धरून चालतें, आणि प्रत्यक्षांत त्या एकमेकींना टाळून, अंतर राखून असतात. प्रभाकराच्या अनुयायाला आम्हीं विचारूं: हें टाळणारें कोण? रिकामें भूतल रिकाम्या भूतलाला टाळतें काय?

आतां आयुष्याचा मुद्दा. इतक्या अल्पायु गोष्टीला ‘आहे’ म्हणावें काय, असें पुष्कळांना वाटतें. टिकाऊपणा हें अस्तित्वाचें लक्षण मानण्याची आपल्या मनाला संवय आहे. ह्या ठिकाणीं आम्हांस बौद्ध नैयायिक धर्मकीर्ति अधिक जवळचा वाटतो. त्याची कसोटी अशी कीं, जें कांहीं कार्य करूं शकतें तें सत्. आणि त्याच्या परंपरेंत क्षणिकत्व हा सत्तेचा दोष तर नव्हेच, उलट तिचें लक्षण आहे. एक्साइटॉनला ही कसोटी लावली तर तो तत्काळ उत्तीर्ण होतो. पण कसोटी फार उदार आहे, हीहि गोष्ट लपवूं नये. अफवासुद्धां कार्य करते. बँक बुडाली अशी खोटी आवई उठली तर खरी बँक बुडूं शकते. म्हणून ती आवई खरी होती काय? आमच्या मतें भेद येथें आहे: अफवेचें बळ ऐकणाऱ्याच्या विश्वासांत असतें, आणि विश्वास उडाला कीं तें उरत नाहीं. एक्साइटॉनांचा परस्पररेटा मोजणारा आस्तिक असो कीं नास्तिक, पोकळीला तो सोय मानो कीं वस्तु मानो, आंकडा तोच येतो. कार्य करणें पुरेसें नाहीं. आपल्या मताची पर्वा न करितां कार्य करणें, ही सुधारलेली कसोटी आम्हांस मान्य होण्यासारखी वाटते.

‘अतिशीत’ ह्या शब्दाविषयींहि दोन शब्द लिहिले पाहिजेत. ढाक्क्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनीं १९२४ सालीं आपला निबंध आइन्स्टाइनकडे पाठविला, आणि त्यांतून असें भाकीत निघालें कीं, एका विशिष्ट वर्गाचे कण पुरेसे थंड केले तर ते सर्व एकाच अवस्थेंत जमा होतात. अणूंच्या वायूंत हें १९९५ सालीं साधलें. रुबिडियमचे अणु त्याकरितां निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या सुमारें ६० लक्षाव्या भागापर्यंत निववावे लागले. एक्साइटॉन हा रुबिडियमच्या अणूपेक्षां लक्षपटींहून हलका. जितका कण हलका तितकी ही अवस्था अधिक उष्णतेंत यावयास पाहिजे. म्हणून एक्साइटॉनांच्या बाबतींत एकदोन अंश, किंवा त्याहून पुष्कळ वरचें तपमानहि ‘अतिशीत’ ठरतें. १९६२ सालींच हें शक्य असल्याचें कांहीं शास्त्रज्ञांनीं सुचविलें होतें. सिद्धि मात्र सहजासहजीं झाली नाहीं. २००२ सालीं गॅलियम आर्सेनाइडच्या जुळ्या पदरांत प्रकाशाचीं सुंदर कडीं दिसलीं, तेव्हां अनेकांना वाटलें कीं हेंच तें संघनन. दोन वर्षांत असें दिसून आलें कीं, कडें म्हणजे मुख्यतः इलेक्ट्रॉनांचा प्रदेश व पोकळ्यांचा प्रदेश यांची सीमारेषा आहे. त्याला संघननाची गरज नाहीं. त्याच संशोधकांपैकीं कांहींनीं तो खुलासा केला, ही गोष्ट आम्हांस कड्यांपेक्षां अधिक सुंदर वाटते. पुढें २०१२ सालीं अतिशीत एक्साइटॉनांत सुसंगत तरंगांची चिन्हें मिळालीं. २०१९ सालीं मॉलिब्डेनम व टंगस्टन यांच्या डायसेलेनाइडांच्या पदरांत सुमारें १०० केल्विनपर्यंत संघननाचा ‘पुरावा’ मिळाल्याचें प्रसिद्ध झालें. दोन्ही मजल्यांवर इलेक्ट्रॉन व पोकळ्या समसमान असतांना त्याचें चिन्ह सर्वांत ठळक दिसतें. ‘सिद्ध’ न म्हणतां ‘पुरावा’ म्हटलें, हा संयम लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

वायूंत गर्दी फारच वाढविली तर काय होतें? जोड्या इतक्या जवळ येतात कीं, कोणत्या पोकळीचा कोणता इलेक्ट्रॉन हें सांगणें अर्थशून्य होतें; एक्साइटॉन विरघळून जातात आणि इलेक्ट्रॉन व पोकळ्या यांचा एक मोकळा द्राव तेवढा उरतो. व्यक्ति व समाज यांवर येथें एक प्रवचन सहज रचतां येईल, आणि तें रचण्याचा मोह आमच्या व्यवसायांतील माणसाला होणारच. आम्हीं तो आवरतों. माणसाला विरघळण्यास नकार देतां येतो. एक्साइटॉनला येत नाहीं. आणि एवढा भेद असतांना उपमा दिली तर ती विचाराची जागा घेईल. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें येथें इतकेंच मिळतें कीं, ‘एक्साइटॉन आहे’ हें विधान परिस्थितिसापेक्ष आहे: विरळ वायूंत खरें, दाट द्रावांत खोटें, आणि मधल्या प्रदेशांत प्रश्नच नीट विचारतां येत नाहीं. अस्तित्व हें होय-नाहीं अशा दोनच उत्तरांत बसतें, हें आमच्या शास्त्रकारांनीं आणि पाश्चात्यांनींहि गृहीत धरलें होतें. तें गृहीत येथें डळमळतें.

ह्याहून अवघड शंका आणखी एक आहे. झुरिक येथील प्रयोगशाळेनें २०२१ सालीं असें दाखविलें कीं, दोन पदरांमध्यें विद्युत्क्षेत्र लावून तें कमीजास्त केलें असतां एका पदरांतील एक्साइटॉन व दुसऱ्या पदरांतील पोकळी यांची परस्परक्रिया बदलतां येते. आकर्षणाकडून प्रतिसारणाकडे नेतां येते. एक खुंटी पिळावी आणि दोन कणांचा संबंध उलटावा! मग परस्परक्रिया हीच जर अस्तित्वाची कसोटी, तर खुंटी पिळणाऱ्याच्या हातांत अस्तित्वाचेंहि प्रमाण आलें काय, आणि आंकडा मोजणाऱ्यावर अवलंबून नाहीं असें जें आम्हीं वर म्हटलें तें कोठें राहिलें? आम्हांस असें वाटतें कीं, तें जेथल्या तेथें राहतें. क्षेत्र किती लावावें हें प्रयोगकर्ता ठरवितो. तेवढ्या क्षेत्रांत ते दोन कण एकमेकांशीं कसे वागतील हें तो ठरवीत नाहीं. तें त्याला वाट पाहून, त्या क्षीण प्रकाशाकडे डोळे लावून, शोधून काढावें लागतें, आणि पुष्कळदां तें त्याच्या अपेक्षेहून निराळें निघतें.